रुमणे कोणाच्या हाती? : युद्धकाळातील शेती आणि स्त्रिया (वाचकांचे प्रश्न)

दोन्ही महायुद्धांच्या काळात ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या शेतीसेनेवर, म्हणजे ‘विमेन्स लँड आर्मी’वर, मागील अंकात या सदरात एक लहानसे टिपण आले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : ‘सेना’ हा शब्द वाचून गोंधळ होतो. या स्त्रिया सैनिक होत्या का? त्यांना कोणी भरती केले आणि एवढी निकड कशामुळे निर्माण झाली?

उत्तर : नाव सेनेचे असले तरी या स्त्रिया सैनिक नव्हत्या. निकड मात्र युद्धाचीच होती. ब्रिटनने शेतीपेक्षा कारखानदारीला प्राधान्य दिल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशाचे पोट मोठ्या प्रमाणावर बोटीने येणाऱ्या धान्यावर चालत असे. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचा अनिर्बंध वापर सुरू केला, व्यापारी जहाजे भराभर बुडू लागली आणि देशात जेमतेम काही आठवड्यांचा गहू शिल्लक असल्याची जाणीव सरकारला झाली. तोपर्यंत शेतावरचे तरणे पुरुष आघाडीवर गेले होते आणि त्यांच्यामागोमाग लष्कराने कामाचे घोडेही उचलून नेले होते. अशा स्थितीत १९१७ मध्येच ही संघटना उभारली गेली. कृषी मंडळातील स्त्री विभागाच्या प्रमुख मेरियल टॉलबट यांच्याकडे तिची सूत्रे होती आणि शेती, लष्करी घोड्यांसाठी वैरण व लाकूडतोड अशा तिच्या तीन शाखा होत्या. एकूण सुमारे २३,००० स्त्रिया तिच्यातून गेल्या. १९१९ च्या अखेरीस ती बंद झाली.

दुसऱ्या खेपेस सरकारने युद्धाची वाट पाहिली नाही. युद्ध पेटण्याच्या तीन महिने आधी, १ जून १९३९ रोजी, संघटना पुन्हा सुरू झाली. लेडी गर्ट्रूड डेन्मन यांनी तिचे नेतृत्व केले आणि ससेक्समधील बालकम येथील आपले राहते घरच मुख्य कार्यालयासाठी दिले. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवेसाठी बोलावता येऊ लागले. त्यांच्यापुढे जे पर्याय होते, त्यांत शेतीसेना हा एक होता. १९४३ मध्ये तिची संख्या ८०,००० च्या वर गेली. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मुलींची भरती सरकारी यंत्रणेमार्फत होत असली, तरी प्रत्यक्ष मालक शेतकरी असे आणि पगारही तोच देत असे. कागदोपत्री त्या नागरी कामगार होत्या, आणि ही बाब त्यांना पुढे चांगलीच महागात पडली.

प्रश्न : शेतात स्त्रिया पूर्वापार राबत आल्या आहेत. मग युद्धाने नवीन असे काय घडवले? शहरातून आलेल्या चार मुलींनी नांगर धरला म्हणून त्यांचे कौतुक, आणि जन्मभर शेतात खपलेल्या बाईची नोंदही नाही, असे झाले नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असेच द्यावे लागेल.

ब्रिटिश शेतीत स्त्रिया नव्हत्या, हा समज युद्धाच्या प्रचारचित्रांनी पसरवला. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात पूर्व इंग्लंडमध्ये स्त्रिया आणि मुले यांच्या टोळ्याच्या टोळ्या मुकादमाच्या हाताखाली खुरपणी करीत आणि दगड वेचीत फिरत असत. नॉर्थम्बरलँड आणि आग्नेय स्कॉटलंड या भागांत तर सालदार गड्याला ठेवतानाच मालक अशी अट घाली की त्याने आपल्याबरोबर एक बाई मजूर आणली पाहिजे. ती बायको असो, बहीण असो, मुलगी असो किंवा पदरमोड करून ठेवलेली परकी मुलगी असो. या स्त्रियांना ‘बॉन्डेजर’ म्हणत. त्या शेणखत भरत, सलगम खुरपत, मळणीला उभ्या राहत, आणि हे काम बायकी नाही असे त्यांच्या मालकांना कधी वाटल्याचे दिसत नाही.

पण याच शतकात सभ्य बाईचे स्थान घरात, ही कल्पना मध्यमवर्गातून गावोगाव झिरपत गेली. शेतात वाकून काम करणारी, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेली, पुरुषांच्या थट्टेला तोंडास तोंड देणारी बाई ही पाद्री आणि सुधारक यांच्या डोळ्यांत सलू लागली. १८६७ च्या कायद्याने एकाच टोळीत स्त्री-पुरुषांनी मिळून काम करण्यास मनाई केली. त्या कायद्याने लहान मुलांना टोळ्यांतून सोडवले हे खरे, परंतु त्यामागे श्रमांच्या काळजीइतकीच नीतीची काळजी होती. मग जनगणनेने उरलेले काम केले. १८५१ पासूनच्या गणनांत शेतकऱ्याच्या बायकोची निदान वेगळी नोंद होत असे. १८८१ पासून घरच्या शेतावर राबणाऱ्या बायका बिनकामाच्या रकान्यात गेल्या. पहाटे गायी पिळणारी, लोणी काढणारी, कोंबड्या आणि डुकरे सांभाळणारी बाई दिवसभर तेच करीत राहिली. फक्त सरकारच्या लेखी ती काही करीत नव्हती.

भाषेचाही यात हात असतो, हे जाता जाता सांगावेसे वाटते. आपण ‘शेतकरी’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो आणि ‘शेतकरीण’ म्हटले की त्याची बायको. इंग्रजीतही शेतकरी आणि ‘शेतकऱ्याची बायको’ अशीच जोडी आहे. ज्या कामाला बाईचे स्वतंत्र नावच नाही, ते काम मोजायचे तरी कोणत्या रकान्यात?

आता युद्धाकडे येऊ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनच्या शेतांवर अडीच लाखांहून अधिक स्त्रिया काम करीत होत्या, असे तेव्हाचे अंदाज सांगतात. शेतीसेनेतून गेलेल्या २३,००० स्त्रिया हा यातला जेमतेम दहावा हिस्सा झाला. उरलेल्या सगळ्या गावातल्याच होत्या : मजुरांच्या बायका, मुली, विधवा. त्यांना गणवेश मिळाला नाही. १९१६ मध्ये त्यांच्यासाठी हिरव्या कापडाची, लाल मुकुटाची खूण असलेली एक दंडपट्टी निघाली, जी तीस दिवस काम केल्यावर मिळे. जी बाई तीस वर्षे खुरपत आली होती, तिने ती पट्टी हाती घेताना काय म्हटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तेव्हा नवीन काय होते, तर काम नवीन नव्हते. त्याला मिळालेले नाव, त्याची झालेली मोजणी आणि त्याचा ठरलेला, छापील दर या गोष्टी नवीन होत्या. शहरातल्या टंकलेखिकेने किंवा दुकानातल्या मुलीने ते काम करून दाखवल्याखेरीज ते कोणाच्या नजरेस आले नाही, ही त्यातली विसंगती आपण नेमकी टिपली आहे.

प्रश्न : या मुली खरोखर अवजड कामे करीत होत्या, की छायाचित्रापुरते ट्रॅक्टरवर बसवून बाकीची मेहनत पुरुषच करीत?

उत्तर : छायाचित्रे सजवलेली होती, यात शंका नाही. भित्तिचित्रांवरची मुलगी नेहमी उन्हात, हसतमुख आणि हातात गव्हाची पेंढी किंवा कोकरू घेतलेली असे. ब्रिटनच्या हवेत असे किती दिवस येतात, हे तिथे राहणाऱ्यांना चित्र पाहताच कळत असणार. मात्र कामाबद्दलची आपली शंका टिकणारी नाही.

दुसऱ्या महायुद्धात आलेल्या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश लंडन आणि उत्तरेकडील औद्योगिक शहरांतून आल्या होत्या. त्यांतल्या अनेकींनी गाय जवळून पाहिली नव्हती. सॉमरसेटमधील कॅनिंग्टनच्या शेतकी संस्थेत १९४० मध्ये त्यांना धार काढण्याचे धडे देताना आधी गायीला हात लावू देत नसत. चौकटीला टांगलेली कॅनव्हासची पिशवी, तिला रबरी सड, आणि पिशवीत पाणी : या कृत्रिम कासेवर बोटांची पकड बसली की मग खऱ्या गोठ्यात पाठवत. पहिल्या आठवड्यात मनगटे सुजत. एकूण मुलींपैकी सुमारे चतुर्थांश दुधाच्याच कामावर होत्या, आणि दूध म्हटले की पहाटेची धार चुकवता येत नाही, रविवार असो की नाताळ.

ट्रॅक्टरचे काम बसून करायचे म्हणून हलके, असे वाटू शकते. त्या काळचा फोर्डसन ट्रॅक्टर समोरच्या हँडलने फिरवून चालू करावा लागे. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा विरुद्ध बाजूने आवळायचा नाही, हे पहिल्या दिवशी बजावून सांगत. कारण इंजिनाने उलटा हिसका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडत असे. आधी पेट्रोलवर इंजिन तापवायचे आणि मग रॉकेलवर वळवायचे. थंडीत ते तापायला वेळ घेई आणि घाईने वळवले तर बंद पडे, की पुन्हा हँडल. वर छप्पर नाही, लोखंडी बैठक, पुष्कळ ठिकाणी लोखंडी चाके. अशा यंत्रावर दिवसभर नांगरट केल्यावर रात्री अंथरुणात पडले तरी अंग हादरतच राहते, असे त्या मुली पुढे सांगत.

हातची कामे याहून कठीण होती. साखरेच्या बीटाची काढणी नेमकी कडाक्याच्या थंडीत येते. मातीतून सुटलेली दोन बीटे दोन हातांत उचलायची, एकमेकांवर आपटून चिखल झाडायचा, कोयत्याने शेंडा उडवायचा आणि कंद ढिगात टाकायचा. पाने दवाने गोठलेली असतात, बोटे बधिर होतात आणि कोयता त्याच बोटांजवळून जात असतो. रबराची टंचाई १९४२ नंतर वाढली, कारण मलाया जपानच्या ताब्यात गेला, आणि मग गमबूटही दुधाच्या कामावर असलेल्या मुलींना आधी देण्याचे धोरण आले. चिखलात उभ्या राहणाऱ्यांनी चामड्याच्या बुटांत भागवायचे. मळणी मात्र सर्वांत नकोशी. यंत्राखालचे भुसकट ओढण्याचे काम ज्यात कसब नाही आणि धूळ सर्वांत जास्त, ते हमखास मुलींच्या वाट्याला येई. गंजीच्या तळाशी पोहोचले की उंदीर चौफेर धावत सुटत, म्हणून विजारीचे पाय सुतळीने बांधून घेत. उंदीर मारणे हेच काम असलेल्या मुलींचीही पथके होती. त्यांना आमिष, विष आणि बिळे ओळखण्याचे रीतसर शिक्षण दिले जाई. १९४२ मध्ये लाकूडतोडीसाठी वेगळी शाखा निघाली. झाडे पाडणे, ओंडके ओढणे, करवतीच्या गिरण्या चालवणे आणि खाणींसाठी टेकूची लाकडे कापणे ही कामे तिच्यातल्या स्त्रिया करीत.

आपल्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, त्याबद्दलही थोडे लिहितो. अवजड ते पुरुषाचे आणि हलके ते बाईचे अशी वाटणी कामाच्या वजनावरून झालेली असते, असे आपण धरून चालतो. धारेचेच उदाहरण घ्या. स्कॉटलंड, वेल्स आणि इंग्लंडचा पश्चिम भाग यांत गायी पिळणे हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे काम. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये मात्र गोठा म्हणजे पुरुषाचा मुलूख. गाय तीच, सड चारच, दुधाचे वजनही तेच. काम कोणाचे हे ठरवताना ताकदीपेक्षा वेगळ्याच गोष्टी पाहिल्या जातात : पगार किती, यंत्र कोणते, आणि त्या कामाने माणसाला गावात काय मान मिळतो. लोणी आणि चीज घरच्या दुग्धशाळेत होत होते तोवर ती बाईची कला होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे कारखाने निघू लागले, तसतशी ती पुरुषांची नोकरी होत गेली. याच हिशेबाने एकाच शेतात घोड्याचे काम पुरुषाकडे असे, कारण तो मानाचा हुद्दा होता, आणि पाठीचा काटा ढिला करणारी खुरपणी बाईकडे, कारण ती ‘हलकी’ मानली जाई. ज्याने ती दिवसभर केली आहे, त्याने तिला हलकी म्हटलेले निदान मी तरी ऐकलेले नाही.

प्रश्न : पगार किती मिळे? पुरुषांइतका मिळत होता का?

उत्तर : नाही. १९१७ मध्ये शेतीसेनेतील स्त्रीचा आरंभीचा पगार आठवड्याला १८ शिलिंग होता आणि कामाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तो थोडा वाढे. त्याच वर्षीच्या धान्य उत्पादन कायद्याने धडधाकट पुरुष मजुराला किमान २५ शिलिंग ठरवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी स्त्रीचा दर ४८ तासांच्या आठवड्याला २८ शिलिंग होता, ज्यातील निम्मी रक्कम राहण्या-जेवणासाठी कापली जाई. पुरुष मजुराला तेव्हा साधारण ३८ शिलिंग मिळत. १९४० मध्ये पुरुषांची किमान मजुरी ४८ शिलिंग झाली. शेतीसेनेतील मुलींना तो आकडा दिसला १९४४ मध्ये, आणि तोवर पुरुष अर्थातच आणखी पुढे गेले होते.

याचे समर्थन दोन प्रकारे केले जाई. पुरुषाला कुटुंब पोसायचे असते, हे एक. आणि दोन बायका मिळून एका पुरुषाइतके काम करतात, हे दुसरे. पहिल्या कारणाला उत्तर असे की अविवाहित गड्याचा पगार त्यामुळे कधी कापला गेला नाही आणि विधवा मजुरणीचा कधी वाढला नाही. दुसरे कारण ओंडका उचलण्यापुरते खरे असेलही, पण ट्रॅक्टर, धार किंवा उंदीर यांच्या बाबतीत ते कसे लागू पडते, हे कोणी सांगितल्याचे दिसत नाही. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७५ च्या अखेरीस अमलात आला.

याला एक चांगला अपवाद अटलांटिकपलीकडे सापडतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतही अशीच शेतीसेना निघाली आणि तिच्यातील स्त्रियांना ‘फार्मरेट’ म्हणत. न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड येथे १९१७ मध्ये चाललेल्या शिबिरातील स्त्रिया एकत्र राहत, आठच तास काम करीत आणि शेतकऱ्याकडून दिवसाला दोन डॉलर घेत. घासाघीस शिबिराच्या व्यवस्थापिका करीत. एकेकटीने शेतकऱ्याच्या घरी उतरण्यापेक्षा गटाने राहिले की दर आणि तास दोन्ही सांभाळता येतात, हे त्यांना आधीच उमगले होते.

प्रश्न : गुडघ्याखाली आवळलेली विजार हा त्या काळी वादाचा विषय होता, असे वाचले. कपड्यांवरून एवढे काहूर कशाला?

उत्तर : कारण काम लपवता येते, कपडे लपवता येत नाहीत. १९१७ मध्ये रस्त्याने विजार घालून जाणारी मुलगी गावकऱ्यांनी पाहिलेलीच नव्हती. संघटनेलाही याची धास्ती होती, म्हणून तिच्या हस्तपुस्तिकेत मुलींना बजावले होते की आपण पुरुषाचे काम करीत असल्याने पोशाख काहीसा पुरुषी आहे, परंतु त्यामुळे वागणूक बदलता कामा नये. समोरच्याकडून आदर आणि सौजन्य अपेक्षिणाऱ्या इंग्रज मुलीसारखेच वागावे. या सूचनेत सगळा व्यवहार आला आहे : हात पुरुषाचे चालतील, चालणे-बोलणे मात्र बाईचेच हवे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कापडी विजार, हिरवा स्वेटर, लांब लोकरी मोजे आणि तपकिरी फेल्ट टोपी हा वेश लोकांच्या अंगवळणी पडला होता, आणि मुली ती टोपी आपापल्या मर्जीने वाकवीत, यावरून अधिकारी बायका मुलींवर वैतागत.

प्रश्न : युद्धकैद्यांकडून शेती करून घेता आली नसती का?

उत्तर : करून घेतली. १९४१ पासून इटालियन आणि पुढे जर्मन कैदी ब्रिटनच्या शेतांवर आले, आणि कित्येक ठिकाणी ते व या मुली एकाच बांधाच्या दोन बाजूंना बीट काढीत होते. पण गवताळ कुरणे मोडून धान्याखाली आणण्याची मोहीम इतकी मोठी होती की कोणत्याही एका वर्गाच्या हातांनी ती पुरी होणे शक्य नव्हते. या मोहिमेची तयारीही युद्धाआधीपासून होती. कुरण नांगरण्यासाठी एकरी दोन पौंड अनुदान मे १९३९ मध्येच जाहीर झाले होते.

प्रश्न : एवढे काम केल्यावर स्त्रियांचे स्थान बदलले असेलच. पहिल्या महायुद्धानंतर मताधिकार मिळाला तो याचमुळे ना? आणि इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

उत्तर : मताधिकार हे युद्धकार्याचे बक्षीस होते, असे शालेय पुस्तकांतून वाचायला मिळते. तारखा आणि वय पाहिले की ते विधान डळमळते. १९१८ च्या कायद्याने मत दिले ते तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. शेतीसेनेत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत होत्या त्या बहुतांश विशी-पंचविशीच्या. म्हणजे ज्यांनी काम केले त्यांतल्या बहुसंख्य मुली मताविना राहिल्या आणि त्यांच्या आयांना मत मिळाले. तरुण स्त्रियांना ते पुरुषांच्या बरोबरीने मिळण्यास १९२८ उजाडले. फ्रान्सचा दाखला याहून बोलका आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये पीक उभे असताना पुरुष सैन्यात बोलावले गेले, तेव्हा पंतप्रधान रने विव्हियानी यांनी फ्रेंच स्त्रियांना जाहीर आवाहन केले की रणभूमीवर गेलेल्यांची जागा शेतभूमीवर तुम्ही घ्या. त्यांनी ती घेतली. चार वर्षे लाखो शेतकरी बायकांनी वावरे सांभाळली, काही ठिकाणी जनावरांअभावी स्वतः औताला जुंपून घेतले. त्यांना मत मिळाले १९४४ मध्ये.

फ्रान्समधला आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या कायद्याने कुटुंबातील अधिकार नवऱ्याकडे होता. तो खंदकात असताना मुलांबाबतचे निर्णय कोणी घ्यायचे, हा प्रश्न आला, तेव्हा १९१५ मध्ये कायदा करून आईला तो अधिकार दिला. पण ‘युद्ध चालू असेपर्यंत’ हे शब्द त्याच्या शीर्षकातच घातले. शेतातही असेच चालले होते. आघाडीवरून नवऱ्याची पत्रे येत : अमुक तुकडा आधी नांगर, तमुक गाय विकू नको, गव्हाला भाव किती आला ते कळव. ती उत्तरे लिही, काही सल्ले मानी, काही बाजारभाव पाहून बाजूला ठेवी. नांगराचे रुमणे तिच्या हाती होते आणि शेताचा धनी पत्रात होता.

गिरणीच्या परिभाषेत याला बदली कामगार म्हणतात. बदलीवाला तेच काम करतो, तितकाच वेळ करतो, कधीकधी कायम कामगारापेक्षा बरे करतो; परंतु साचा त्याच्या नावावर नसतो, आणि ज्याच्या नावावर आहे तो दारात दिसला की त्याला उठावे लागते. स्त्रियांना युद्धाने पुरुषाची जागा दिली ती या अटीवर. त्यामुळे जागा बदलली, तरी जागेवरचे नाव बदलले नाही.

सोव्हिएत संघात प्रमाण इतके मोठे होते की तिथे हे चित्र वेगळे निघायला हवे होते. पाशा अँजेलिना यांनी १९३३ मध्येच स्त्रियांची ट्रॅक्टर तुकडी उभी केली होती आणि सरकारने त्यांना सर्वत्र मिरवले होते. दुसऱ्या महायुद्धात सामुदायिक शेतांवर उरल्या त्या प्रामुख्याने बायका, म्हातारे आणि मुले. ट्रॅक्टरही मुख्यतः स्त्रियांच्या हाती आले, आणि जिथे ट्रॅक्टर व घोडे दोन्ही लष्कराने नेले, तिथे बायकांनी गायी जुंपल्या किंवा स्वतः नांगर ओढला. पुरुष परतल्यावर स्त्रिया यंत्रावरून झपाट्याने उतरल्या. शेतातून मात्र त्या उतरल्या नाहीत, कारण परतलेल्या पुरुषांची संख्याच फार थोडी होती; खुरपे आणि गोठा त्यांच्याकडे राहिला, ट्रॅक्टर गेला.

हे सारे वाचून काहीच बदलले नाही, असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. युद्धानंतर अनेक मुली शेतीतच राहिल्या, काहींनी शेतकऱ्यांशी लग्ने केली, काहींनी स्वतःची जमीन कसली. आपल्याला काय जमते हे ज्या बाईने एकदा अनुभवले, ती ते विसरत नाही. पण वैयक्तिक आत्मविश्वास आणि समाजाने मान्य केलेला हक्क यांत अंतर असते, आणि ते युद्धाच्या विजयाने आपोआप मिटत नाही.

प्रश्न : युद्ध संपल्यावर सरकारने त्यांच्यासाठी काय केले?

उत्तर : फार थोडे. लष्करातील स्त्रियांना युद्धोत्तर भत्ते आणि शिक्षणाच्या सवलती जाहीर झाल्या, तेव्हा शेतीसेना त्यांतून वगळली गेली. पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे कागदोपत्री त्या शेतकऱ्यांच्या नोकर होत्या. लेडी डेन्मन यांनी याच्या निषेधार्थ फेब्रुवारी १९४५ मध्ये राजीनामा दिला. गणवेशातील बहुतेक वस्तू परत घेतल्या. बूट ठेवता येत, आणि कोट ठेवायचा असल्यास तो गडद निळ्या रंगात बुडवून घ्यावा, म्हणजे तो गणवेश दिसणार नाही, अशी अट होती. अन्नटंचाई युद्धानंतरही टिकल्याने संघटना लगेच मोडता आली नाही. २१ ऑक्टोबर १९५० रोजी बकिंगहॅम राजवाड्यात पाचशे मुलींचे निरोपाचे संचलन झाले आणि त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस ती बंद झाली. हयात असलेल्यांसाठी सरकारने बिल्ला काढला तो २००८ मध्ये. त्यावर मध्यभागी गव्हाची सोनेरी पेंढी आहे आणि भोवती, लाकूडतोड करणाऱ्यांसाठी, पाइनच्या फांद्या आणि फळे आहेत. तो घेण्यासाठी ज्या आल्या, त्यांपैकी बहुतेकींनी ऐंशी ओलांडलेली होती.